एक नांव आणि दोन कुलकर्णी

आमच्या वाचकांच्या घरांपैकीं पुष्कळ घरांत आज एखादी सून, पुतण्या किंवा भाची संगणकाच्या कामांत असतेच. पानें वाढून झालीं तरी अशा माणसाचा पाय कांहीं खोलीबाहेर पडत नाहीं. "स्क्रिप्ट अडली आहे, एवढें पाहून येतें," असें उत्तर माजघरांत येतें आणि आमटी निवत राहते. वडील मंडळींस साहजिकच प्रश्न पडतो कीं, ज्या यंत्राच्या हुशारीचे एवढे पोवाडे गाइले जातात, त्याच्या पुढ्यांत माणसानें तास न् तास बसावें तें कशासाठीं? या महिन्यांत या सदरांतून त्या प्रश्नाचें उत्तर एका अगदीं साध्या कामाच्या उदाहरणानें देण्याचें आम्हीं योजिलें आहे. तें काम म्हणजे एखाद्या महाविद्यालयाच्या संगणकावर नव्या विद्यार्थ्यांचीं खातीं उघडणें. काम कारकुनी आहे. परंतु विचारपूर्वक पाहणारास त्यांत शिकण्यासारखें पुष्कळ सांपडेल.

संस्थेचा मोठा संगणक हा जुन्या चौसोपी वाड्यासारखा असतो. त्यांत शेंकडों माणसें वावरतात, पण प्रत्येकाची खोली निराळी, किल्ली निराळी. खोली म्हणजे त्याच्या फाइली ठेवण्याची जागा आणि किल्ली म्हणजे पासवर्ड. अशा पुष्कळ संगणकांवर आज लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम असते. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९६९ सालीं केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनीं युनिक्स नांवाची व्यवस्था रचावयास आरंभ केला. तिच्याच वळणावर फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला. कोण कोण या वाड्यांत राहतें याची एक वहीच तेथें ठेवलेली असते. तिच्या प्रत्येक ओळींत सात रकाने असतात व दोन रकान्यांमध्यें आपल्या विसर्गासारखें दोन टिंबांचें चिन्ह असतें. राहणाराचें लॉगिन-नांव, पासवर्डाची जागा, त्याचा अंक, त्याच्या गटाचा अंक, त्याचें पूर्ण नांव वगैरे माहिती, त्याच्या खोलीचा ठावठिकाणा आणि दार उघडल्यावर त्याच्या सेवेस उभा राहणारा प्रोग्राम, असे ते सात रकाने होत. या वहीस आजही 'पासवर्ड फाइल' असेंच म्हणतात. परंतु खरा पासवर्ड आतां तींत नसतो. तो मुख्य कारभाऱ्याखेरीज इतरांस वाचतां न येणाऱ्या दुसऱ्या फाइलींत, तोही ओळखूं न येईल अशा रूपांत ठेवलेला असतो. मुख्य कारभाऱ्याचें नांव 'रूट' आणि त्याचा अंक शून्य. आजच्या बहुतेक लिनक्स संगणकांवर सामान्य माणसांचे अंक १००० पासून पुढें चालूं होतात.

दार उघडल्यावर सेवेस उभा राहणारा जो प्रोग्राम वर सांगितला, त्यास 'शेल' म्हणतात. आपण एक आज्ञा लिहावी, त्यानें ती यंत्राच्या गाभ्यापर्यंत पोंचवावी, एवढेंच त्याचें काम. अनेक आज्ञा एकाखालीं एक लिहून ठेविल्या कीं झाली शेल स्क्रिप्ट. स्टीफन बोर्न यांनीं लिहिलेला शेल १९७९ सालीं युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर बाहेर पडला आणि ब्रायन फॉक्स यांनीं त्याच धर्तीवर लिहिलेला 'बॅश' १९८९ सालीं प्रसिद्ध झाला. आज ठिकठिकाणीं जो शेल वापरांत आहे तो बहुधा हाच बॅश होय.

आतां आमचें उदाहरण. समजा, साठ विद्यार्थ्यांची यादी आहे. प्रत्येक ओळींत पहिलें नांव, आडनांव व तात्पुरता पासवर्ड असे तीन रकाने आहेत. साठ खातीं हातानें उघडावयाचीं तर दिवस मोडतो. म्हणून खात्यांची व्यवस्था पाहणाऱ्या तरुणानें स्क्रिप्ट लिहिली. तिचा क्रम असा: यादींतील एक ओळ वाचावी, पहिल्या नांवाचें रोमन आद्याक्षर व आडनांव जोडून लॉगिन-नांव करावें, 'यूजरअ‍ॅड' या आज्ञेनें खातें उघडावें, दुसऱ्या आज्ञेनें त्या खात्यास पासवर्ड द्यावा, आणि 'खातें तयार झालें' असें पडद्यावर छापून पुढील ओळीकडे वळावें. वाचकांस हा क्रम निर्दोष वाटेल. लिहिणारासही तसाच वाटला.

पहिल्या वेळीं एकही खातें उघडलें नाहीं. प्रत्येक आज्ञेमागून तिच्या वापराची लांबलचक माहिती पडद्यावर येऊं लागली. कारण क्षुल्लक होतें. विद्यार्थ्याचें पूर्ण नांव आज्ञेबरोबर दिलें होतें, पण त्यास अवतरणचिन्हें घातलीं नव्हतीं. शेलच्या दृष्टीनें मोकळी जागा म्हणजे शब्दाचा शेवट. 'अपर्णा कुलकर्णी' हे त्यास दोन निराळे शब्द दिसतात आणि दुसऱ्याचें काय करावें हें 'यूजरअ‍ॅड'ला कळत नाहीं. अवतरणचिन्हें घालतांच तो दोष गेला. असा दोष उपद्रव देतो खरा, पण तो गाजावाजा करून येतो. त्याचें भय बाळगण्याचें कारण नाहीं.

दुसऱ्या वेळीं पडद्यावरून 'खातें तयार झालें' या वाक्याच्या ओळी भराभर वर सरकल्या आणि काम संपलें. दुसऱ्या दिवशीं मात्र तक्रारी आल्या. एकाही विद्यार्थ्यास आपल्या पासवर्डानें आंत जातां येईना. आणि वही उघडून मोजतां नव्या ओळी साठ नसून अठ्ठावन्नच भरल्या.

येथून पुढच्या कामास 'डीबगिंग' म्हणतात. 'बग' म्हणजे किडा. यंत्रांतील दोषास किडा म्हणण्याची रीत जुनीच होती. पण ९ सप्टेंबर १९४७ रोजीं हार्वर्ड विद्यापीठाच्या 'मार्क टू' या गणकयंत्राच्या एका रिलेंत खराच पतंग सांपडला आणि तेथील मंडळींनीं तो नोंदवहींत चिकटवून ठेवला, तेव्हांपासून ती गोष्ट अमर झाली. किडा शोधणाराचा पहिला नियम असा कीं, दिसल्या बरोबर औषध घालूं नये. आधीं तो कोठें आहे तें पाहावें. बॅशमध्यें यासाठीं सोय आहे. 'सेट' या आज्ञेस 'एक्स' हें अक्षर जोडून दिलें कीं, पुढची प्रत्येक आज्ञा पार पाडण्यापूर्वीं शेल ती आपल्याला समजली तशी, बेरजेचें चिन्ह पुढें घालून, छापून दाखवितो. आपण काय लिहिलें हें आपणांस ठाऊक असतें. त्यानें काय वाचलें हें यावरून कळतें. मात्र पासवर्डही या छापण्यांत उघडे पडतात, म्हणून ही परीक्षा खोटीं नांवें व खोटे पासवर्ड घालूनच करावी.

कोणासच आंत जातां येईना, याचें कारण यादीच्या ओळींच्या टोकाशीं होतें. यादी विंडोज चालणाऱ्या संगणकावर तयार झाली होती. तेथें ओळीच्या अखेरीस दोन गुप्त चिन्हें घालण्याची पद्धत आहे: एक 'गाडी मागें न्या' असें सांगणारें व दुसरें 'ओळ बदला' असें सांगणारें. टंकलेखनयंत्राच्या काळाचा हा वारसा आहे. युनिक्सच्या घराण्यांत ओळ संपविण्यास दुसरें एकच चिन्ह पुरतें. त्यामुळें पहिलें चिन्ह शेवटच्या रकान्यास, म्हणजे पासवर्डास, चिकटून राहिलें. विद्यार्थ्याच्या कागदावर पासवर्ड आठ अक्षरांचा. यंत्राच्या दप्तरीं तो नऊ अक्षरांचा, आणि नववें अक्षर डोळ्यांस न दिसणारें. गुप्त चिन्हें उघड करून फाइल दाखविण्याची सोय लिनक्समध्यें आहे. तशी ती उघडतांच प्रत्येक ओळीच्या शेवटीं टोपीचें चिन्ह व 'एम' हें रोमन अक्षर दिसलें आणि कोडें सुटलें.

दोन खातीं कमी कां, हा प्रश्न उरला. त्यांतील एकाचें उत्तर यादीच्या तळाशीं मिळालें. उशिरां प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याचें नांव कोणी तरी मागाहून हातानें लिहिलें होतें आणि त्या ओळीनंतर 'ओळ संपली' ही खूण द्यावयाची राहिली होती. खूण न सांपडल्यामुळें वाचणारी आज्ञा 'मजकूर संपला' असें उत्तर देते, तिच्या भोवतीचें चक्र थांबतें आणि हातीं आलेली ती शेवटची ओळ तशीच टाकून दिली जाते. पंगतींत पान मांडलें, माणूस येऊन बसला आणि वाढपी त्याच्या अलीकडूनच माघारी फिरला, तसा हा प्रकार झाला. ओळीचें चिन्ह घालून हाही दोष दूर करतां येतो. आणि चक्राच्या अटींतच 'कांहीं वाचलें गेलें असेल तर तेंही घ्यावें' असें लिहिणें हा पक्का उपाय.

दोन दोष निघाले, पासवर्ड पुन्हां दिले, विद्यार्थी आंत जाऊं लागले. पुष्कळ ठिकाणीं शोध येथेंच थांबतो. परंतु हिशेब अजून जुळला नव्हता. साठांत एक कमीच होतें. आणि खरा घातक किडा तेथेंच बसला होता.

यादींत अनंत कुलकर्णी व अपर्णा कुलकर्णी अशीं दोघें होतीं. आपल्याकडे कुलकर्णी, जोशी, देशपांडे या आडनांवांची समृद्धि केवढी आहे हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. आद्याक्षर व आडनांव जोडण्याच्या नियमानें दोघांचें लॉगिन-नांव एकच झालें: अकुलकर्णी. अनंताचें खातें आधीं उघडलें. अपर्णेची ओळ आली तेव्हां 'यूजरअ‍ॅड'नें 'या नांवाचें खातें आहे' असें सांगून नकार दिला. यंत्रानें आपलें कर्तव्य केलें. पण त्या नकाराकडे पाहण्याची कामगिरी स्क्रिप्टमध्यें कोणावरच सोपविली नव्हती. ती आपल्या क्रमानें पुढच्या आज्ञेवर गेली आणि 'अकुलकर्णी' या खात्यास अपर्णेचा पासवर्ड देऊन मोकळी झाली. वर 'खातें तयार झालें' असें छापलेंही. कारण तें वाक्य छापण्यास कोणतीच अट नव्हती. नकाराची ती एक ओळ या गर्दींत केव्हांच वर निघून गेली.

याचा अर्थ काय झाला तें पाहावें. अनंतास स्वतःच्या खोलींत जातां येईना. आणि अपर्णा, तिचा कांहींएक अपराध नसतां, परक्याच्या खोलींत राहूं लागली. त्यानें तेथें कांहीं खाजगी लिहून ठेवलें असतें तर तें तिच्या दृष्टीस पडलें असतें. तिनें केलेला अभ्यास त्याच्या नांवें जमा होत गेला. या किड्यानें कोणाचें काम अडविलें नाहीं म्हणूनच तो भयंकर. थांबणारी स्क्रिप्ट त्रास देते. थांबावयाचें तेथें न थांबणारी स्क्रिप्ट घात करते. त्यांतून ती चालत असते कारभाऱ्याच्या अधिकारानें. तिचा हात धरणारें वाड्यांत दुसरें कोणी नसतें.

पुढें हें निस्तरणेंही सोपें नाहीं. कारण असें कीं, लिनक्सचा गाभा माणसास नांवानें ओळखीत नाहीं, वहींतील अंकानें ओळखतो. प्रत्येक फाइलीवर मालकाचा अंकच कोरलेला असतो. या व्यवस्थेचा लाभही आहे. एखाद्या मुलीनें लग्नानंतर आडनांव बदललें व लॉगिन-नांवही बदलून घेतलें, तरी तिचा अंक तोच राहतो आणि तिच्या सर्व फाइली तिच्याच राहतात. परंतु अनंत व अपर्णा एकाच अंकाखालीं नांदलीं, त्यामुळें कोणती फाइल कोणाची हें आतां यंत्रास सांगतां येणार नाहीं. तीं दोघें समोर बसवूनच निवाडा करावा लागेल. रागारागानें खातें पुसून नवें उघडणें हाही उपाय नव्हे. खातें पुसलें तरी वेगळें सांगितल्यावांचून त्याची खोली पुसली जात नाहीं, आणि मोकळा झालेला अंक पुढें भलत्याच विद्यार्थ्यास मिळाला तर जुन्या खोलींतील सर्व वस्तु त्याच्या मालकीच्या होऊन बसतात.

एकच नांव दोघांसाठीं वापरल्यामुळें झालेला अनर्थ संगणकाच्या इतिहासांत नवा नाहीं. अमेरिकेंतील एमआयटी या संस्थेंत फर्नांडो कॉर्बातो यांच्या नेतृत्वाखालीं एकाच वेळीं अनेकांनीं वापरावयाचा संगणक १९६१ सालीं प्रथम चालवून दाखविण्यांत आला. पासवर्डाची चालही तेथेंच पडली. त्याच दशकांत एके दिवशीं तेथें विलक्षण प्रकार घडला. जो जो आंत येई त्याच्यापुढें नित्याच्या सूचनेऐवजीं सर्व वापरणारांचे पासवर्डच छापून येऊं लागले. चौकशीअंतीं समजलें कीं, एक जण नित्याची सूचना दुरुस्त करीत होता व त्याच वेळीं दुसरा पासवर्डांची फाइल दुरुस्त करीत होता. मजकूर दुरुस्त करणारा प्रोग्राम तात्पुरत्या फाइलीस नेहमीं एकच ठराविक नांव देई. एका वेळीं एकच मनुष्य तेथें काम करील असें तो रचणारानें गृहीत धरलें होतें. दोन फाइलींची अदलाबदल झाली. त्या गृहीताप्रमाणेंच आमच्या उदाहरणांतील तरुणाचें 'आद्याक्षर व आडनांव मिळून माणूस ओळखतां येतो' हें गृहीत होतें. तें त्यानें कोठें लिहिलें नाहीं, म्हणून त्यास तें तपासावेंसेंही वाटलें नाहीं.

आतां उपाय. प्रत्येक आज्ञा संपल्यावर शेलपाशीं एक अंक ठेवून जाते. शून्य म्हणजे काम झालें; दुसरा कोणताही अंक म्हणजे झालें नाहीं. यशास शून्य कां, असें कोणी विचारील. तर यश एकाच प्रकारचें असतें आणि अपयशें अनेक, म्हणून त्यांच्यासाठीं पुष्कळ अंक राखून ठेवावे लागतात. 'यूजरअ‍ॅड'च्या बाबतींत नऊ हा अंक म्हणजे 'नांव आधींच घेतलेलें आहे'. हा अंक विचारल्यावांचून पुढचें पाऊल टाकूं नये, हें पहिलें सूत्र. शून्य असेल तरच पासवर्ड द्यावा व तरच 'झालें' म्हणावें. एरवीं ती ओळ निराळ्या कागदावर उतरवून माणसाच्या नजरेस आणावी. या एका अटीनें दुसरेंही संकट टळतें. कारण तीच स्क्रिप्ट पुन्हां चालविली असतां, ज्यांनीं मध्यंतरीं आपला पासवर्ड स्वतः बदलला असेल त्यांचे पासवर्ड ती पुन्हां जुने करीत नाहीं.

दुसरें सूत्र नांवांविषयीं. एकही खातें उघडण्यापूर्वीं सर्व लॉगिन-नांवें तयार करून त्यांत द्विरुक्ति आहे काय, हें पाहावें. वडिलांच्या नांवाचें आद्याक्षर मध्यें घातल्यानें टक्कर कमी होईल, पण नाहींशी होणार नाहीं. विद्यार्थ्याचा नोंदणीक्रमांक वापरणें निर्धोक. तो रुक्ष दिसतो हें खरें. पण तो दोघांचा एक असत नाहीं.

तिसरें सूत्र परीक्षेविषयीं. परीक्षेची यादी गुळगुळीत नसावी. तींत एक जोडनांव असावें, दोन सारखीं नांवें असावींत, एक ओळ विंडोजवरची असावी आणि शेवटच्या ओळीस टोंक नसावें. स्क्रिप्ट वाचून तींतील नेहमींचे दोष दाखविणारें 'शेलचेक' नांवाचें मोफत साधनही आहे. सुटलेलीं अवतरणचिन्हें तें तात्काळ दाखवून देतें. पण दोन कुलकर्णी त्यास दिसणार नाहींत. ते यादींत असतात, स्क्रिप्टमध्यें नव्हे. तेथें लोकांचीं नांवें कशीं असतात हें जाणणारा मनुष्यच पाहिजे.

आणि शेवटीं मोजदाद. साठ नांवें दिलीं तर साठ खातीं मिळालीं काय, हा प्रश्न विचारण्यास संगणकशास्त्राची पदवी लागत नाहीं. धुणें मोजून देणारी व मोजून घेणारी कोणतीही गृहिणी तो विचारते. आमच्या उदाहरणांतील घातक दोष शेवटीं उघडकीस आला तो याच प्रश्नानें. तक्रारी मिटल्यावर तो तरुण समाधानानें उठला असता, तर अपर्णा परक्या खोलींत कित्येक महिने तशीच राहिली असती आणि कोणास त्याचा पत्ताही लागला नसता. हिशेबांत एक कमी आहे, एवढ्यासाठीं तो पुन्हां बसला, हें त्यानें योग्यच केलें.